देवांची भाऊबंदकी आणि अथेन्सचा न्याय

माणसांची भांडणे देवाच्या दारी जातात. देवापुढे शपथ घ्यायची, देवाला साक्ष ठेवायचे, आणि माणसांच्या हातून न्याय मिळेनासा झाला की ‘देव बघून घेईल’ म्हणून गप्प बसायचे, ही रीत पुष्कळ समाजांत आढळते. पण देवांच्याच घरात तंटा उभा राहिला, तर तो कोणाच्या दारी न्यायचा? प्राचीन ग्रीकांना हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. कारण त्यांचे मोठे देव बहुतेक सगळे एकाच घरातले होते. झ्यूस, पोसायडन आणि हेडीझ हे सख्खे भाऊ. हेस्टिया, डिमीटर आणि हेरा या त्यांच्या सख्ख्या बहिणी. अथीना, अपोलो, आर्टेमिस, हर्मिस आणि एरीझ ही झ्यूसची मुले. घर म्हटले की वाटणी आली, मानपान आला, थोरला-धाकटा आला, आणि एका पिढीचा अन्याय दुसऱ्या पिढीने उकरून काढणेही आले. ग्रीकांच्या देवांनी यांतले काहीही चुकवले नाही.

हल्ली या देवांची ओळख पुष्कळांना होते ती पडद्यावर. १९८१ साली निघालेल्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए याने झ्यूसची भूमिका केली होती. त्यातल्या थेटिस देवीचे दुखणे असे, की झ्यूस आपल्या मुलाला एक न्याय लावतो आणि तिच्या मुलाला दुसरा. १९९७ सालचे ‘हर्क्युलिस’ हे व्यंगपट आणि २०१० साली पुन्हा नव्याने काढलेला ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ यांत खलनायक झाला आहे तो हेडीझ. पाताळाचा वाटा पदरी पडल्यामुळे जळफळणारा भाऊ. चित्रपटाला एक दुष्ट लागतो आणि शेवटी एक युद्ध लागते, हे समजण्यासारखे आहे. होमर आणि हेसिअड यांच्या काव्यांत मात्र हेडीझ झ्यूसविरुद्ध बंड करीत नाही. तो आपल्या वाट्याचे राज्य मुकाट्याने चालवतो. वाट्यावरून कुरकुर करणारा भाऊ दुसराच आहे, आणि ती कुरकुर वज्राने मिटलेली नाही. ती कशी मिटली आणि त्या मिटवण्यातून पुढे एका नगराने काय घडवले, हा इतिहास मला त्या युद्धांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

या देवकुळाची वंशावळ ज्याने सांगितली, त्या हेसिअडपासूनच आरंभ करू. इ. स. पूर्व ७०० च्या सुमाराचा हा कवी बिओशिया प्रांतातल्या अ‍ॅस्क्रा नावाच्या खेड्यात शेती करून राहत होता. त्याचा बाप समुद्रापलीकडच्या काइमी गावाहून दारिद्र्याला कंटाळून तेथे आला होता. बाप वारला, जमिनीची वाटणी झाली, आणि पर्सेस नावाच्या भावाने अधिक लाटले. दाद मागायची ती गावच्या सरदारांकडे; पण तेही भेटी खाणारे निघाले. ‘कार्ये आणि दिवस’ या आपल्या काव्यात हेसिअड त्या भावाला नावाने हाक मारून उपदेश करतो आणि त्या लाचखाऊ न्यायाधीशांना उघड शिव्या घालतो. पर्सेस खराच होता की कवीने उपदेशासाठी तो कल्पिला, यावर विद्वानांत वाद आहे. पण खरा असो वा कल्पित, अशा भावाची आणि अशा पंचांची ओळख श्रोत्यांना पटवून देण्याची कवीला काही गरज वाटलेली नाही. ती त्यांना पुरेपूर असणारच.

आता ज्याच्या डोळ्यांसमोर वाटणीचा बांध आहे असा मनुष्य देवांचे घर कसे पाहील? हेसिअडची ‘देववंशावळ’ ही वरवर पाहता जगाच्या उत्पत्तीची कथा आहे. खरे पाहता ती तीन पिढ्यांच्या गृहकलहाची हकीकत आहे.

पहिला बाप युरेनस, म्हणजे आकाश. त्याला स्वतःच्याच मुलांचा तिटकारा. मूल जन्मले की त्याला तो पुन्हा गाया या मातेच्या, म्हणजे पृथ्वीच्या, उदरात लोटी आणि उजेड पाहू देत नसे. त्या ओझ्याने कण्हणाऱ्या मातेने एक धारदार कोयता घडवला आणि मुलांना विचारले. सगळे भ्याले, धाकटा क्रोनॉस तेवढा पुढे झाला. दबा धरून त्याने बापाचे पुरुषत्व छाटले. त्या जखमेतून रक्ताचे थेंब भूमीवर पडले आणि त्यांतून ज्या जन्मल्या त्यांत होत्या एरिनीज, सुडाच्या देवता. कवीची ही दृष्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे. सूड जगाच्या आरंभापासून नव्हता. घरातल्या माणसावर घरातल्याच माणसाने शस्त्र उगारले, तेव्हा तो जन्मला.

दुसरा बाप क्रोनॉस. ज्याने बापाला पाडले त्याला मुलाचे भय वाटणारच. आपलाच एक पुत्र आपल्याला पदच्युत करील, हे त्याने ऐकले होते. म्हणून बायको ऱ्हिया बाळंत झाली की मूल घ्यायचे आणि गिळून टाकायचे, असा त्याने क्रम धरला. हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडीझ, पोसायडन अशी पाच मुले गेली. सहाव्या खेपेस ऱ्हियाने मूल क्रीट बेटावर लपवले आणि नवऱ्याच्या हाती बाळोत्यात गुंडाळलेला धोंडा दिला. पुढे त्याला ती मुले ओकावी लागली. आधी बाहेर पडला तो धोंडा. तो म्हणे झ्यूसने डेल्फीला ठेवला. इ. स. च्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाचा प्रवासी डेल्फीला गेला, तेव्हा तेथे एक लहानसा दगड दाखवीत असत आणि त्याला रोज तेल घालीत असत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

ही कथा मुळात ग्रीकांची एकट्याची नव्हे. तुर्कस्तानातील बोगाझक्यॉय येथे, हित्ती लोकांच्या हट्टुशा या राजधानीच्या जागी, १९०६ पासून उत्खनन झाले आणि मातीच्या हजारो विटांवरचे लेख हाती आले. इंद्र, मित्र, वरुण आणि नासत्य ही आपल्या ओळखीची नावे ज्या मितन्नी तहात आढळतात, तोही याच ढिगाऱ्यातला. त्याच दप्तरात कुमार्बी नावाच्या देवाची कथा मिळाली. आकाशदेव अनु याला कुमार्बी सिंहासनावरून खेचतो, त्याचे पुरुषत्व दातांनी तोडून गिळतो, आणि त्या गिळण्यातूनच त्याच्या पोटी वादळाचा देव वाढतो. हेसिअडच्या पाचशे वर्षे आधीची ही गोष्ट. म्हणजे बाप आणि मुलगा यांचा हा हाडवैराचा सांगाडा ग्रीकांना पूर्वेकडून मिळाला. त्यावर ग्रीकांनी स्वतःचे काय चढवले, ते पाहण्यासारखे आहे.

तिसऱ्या पिढीत झ्यूस आला. त्याने बापाशी दहा वर्षे युद्ध केले आणि तो जिंकला, हे सर्वश्रुत आहे. परंतु हेसिअड आणखी दोन गोष्टी सांगतो, आणि त्याच अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली युद्धाच्या आधीची. झ्यूसने सर्व देवांना बोलावून वचन दिले, की जो माझ्या बाजूने लढेल त्याचा पूर्वीचा मान मी काढून घेणार नाही. आणि क्रोनॉसच्या राज्यात ज्याला कसलाच मान नव्हता, त्यालाही योग्य तो मान देईन. दुसरी गोष्ट युद्धानंतरची. देवांनीच गायाच्या सल्ल्याने झ्यूसला राज्य स्वीकारण्याची विनंती केली, आणि त्याने सर्वांचे वाटे नीट वाटून दिले. युरेनसने मुलांना कोंडले, क्रोनॉसने गिळले, झ्यूसने वाटून दिले. पहिल्या दोघांच्या घरात वाटणी हा शब्दच नव्हता. म्हणून तेथे कोयता आला. नंतर झ्यूसने थेमिसशी, म्हणजे मूर्तिमंत रीतिधर्माशी, लग्न केले आणि त्यांना तीन मुली झाल्या: सुव्यवस्था, न्याय आणि शांती. यांतली न्याय, म्हणजे डिके, हिच्यावर माणसांनी अत्याचार केला की ती बापाजवळ जाऊन बसते आणि तक्रार सांगते, असे हेसिअड आपल्या दुसऱ्या काव्यात लिहितो. अ‍ॅस्क्राच्या लाचखाऊ सरदारांवर अपील करायला त्याला एवढीच कचेरी उरली होती.

अर्थात झ्यूसही क्रोनॉसचाच पोर. मेटिस, म्हणजे बुद्धी, ही त्याची पहिली बायको. तिच्या पोटी जन्मणारा मुलगा राज्य घेईल असे कळताच त्याने तिला गर्भासकट गिळून टाकले. त्या गर्भातली अथीना पुढे त्याच्या मस्तकातून बाहेर आली. आई मात्र आतच राहिली. ही मेटिस ध्यानात असू द्यावी. तिचे पुन्हा काम पडणार आहे.

आता होमरकडे वळू. ‘इलियड’च्या पंधराव्या सर्गात ती वाट्यावरची कुरकुर आहे. ट्रॉयच्या रणावर पोसायडन ग्रीकांना मदत करीत असतो. झ्यूस आयरिसच्या हाती निरोप धाडतो, की मुकाट्याने निघून जा, मी तुझ्याहून थोरला आहे आणि बलवानही. पोसायडन उसळून म्हणतो, आम्ही तिघे एका बापाचे. चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. त्याला आकाश गेले, मला समुद्र आला, हेडीझला अंधार. पृथ्वी आणि ऑलिम्पस तिघांत सामाईक. त्याने आपल्या वाट्यात राहावे आणि हुकूम करायचे ते आपल्या पोरांवर करावेत. सामाईक अंगणावर हक्क कोणाचा, हा ज्या घरात वाद झाला नाही असे घर विरळा. येथे अंगण म्हणजे अवघी पृथ्वी, एवढाच काय तो फरक. आयरिस मोठी समजूतदार दूती. ती उलट बोलत नाही. हाच निरोप असाच्या असा नेऊ का, एवढे विचारते, आणि आठवण देते की एरिनीज नेहमी थोरल्याच्या बाजूला असतात. पोसायडन विचार करतो, राग गिळतो आणि समुद्रात जातो. ग्रीक कुटुंबांत मुलगे वारसा सारखा वाटून घेत आणि पुष्कळदा चिठ्ठ्या टाकीत. देवांनीही तेच केले. फरक असा, की होमरला झ्यूस थोरला हवा आहे, तर हेसिअड त्याला धाकटा म्हणतो. वडीलपणाचा हक्क मोठा की कर्तृत्वाचा, हा वाद ग्रीकांनी आपल्या दोन महाकवींत असा वाटून ठेवला.

पण तीन भावांनी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तीन बहिणी कोठे होत्या? त्या वाटणीत त्यांचे नाव नाही. अथेन्सच्या कायद्यातही मुलगा असताना मुलीला वारसा नव्हता. लग्नात जे मिळेल ते तिचे. देवांच्या घरी याचा परिणाम काय झाला, ते डिमीटरच्या स्तोत्रात आहे. हे स्तोत्र होमरच्या नावावर असले, तरी इ. स. पूर्व सातव्या-सहाव्या शतकातले मानतात. झ्यूसने मुलगी पर्सेफोनी आपला भाऊ हेडीझ याला देऊन टाकली. तिला विचारले नाही, तिच्या आईलाही नाही. भूमी दुभंगली आणि मुलगी गेली. आई नऊ दिवस मशाली घेऊन हिंडली. शेवटी सूर्याने खरे काय ते सांगितले आणि वर समजूत घातली, की जावई काही वाईट नाही, तुझा सख्खा भाऊच, आणि तिसऱ्या हिश्शाचा धनी! हे शहाणपण ऐकून डिमीटरने ऑलिम्पस सोडला. शेतातले बी उगवेना. माणसे उपाशी मरणार आणि देवांचे नैवेद्य बंद पडणार, अशी वेळ आली.

येथे झ्यूसचे वज्र कामाचे नव्हते. न उगवणाऱ्या बियाला वज्र दाखवून काय करणार? एकामागून एक देव समजूत घालायला आले आणि परत गेले. अखेर मुलीला परत आणावे लागले. पण तिने डाळिंबाचा दाणा खाल्ला होता, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिने पाताळात काढावा आणि दोन हिस्से आईजवळ, असे ठरले. हा ठराव घेऊन डिमीटरकडे कोण गेले? ऱ्हिया, झ्यूस, हेडीझ आणि डिमीटर या तिघांचीही आई. जिची मुले एकदा गिळली गेली होती, तीच मुलगी हरवलेल्या आईची समजूत घालायला उतरली. या तडजोडीत कोणीच पुरते जिंकले नाही आणि कोणीच पुरते हरले नाही. म्हणूनच ती टिकली. एल्युसिस येथे या मायलेकींचा उत्सव इ. स. च्या चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होता.

देवांचे येथवर झाले. मर्त्य माणसांच्या घरात खून पडला तर? माणसाला वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळातून परत येता येत नाही. अथेन्समध्ये खुनाबद्दलचा पहिला लेखी कायदा ड्रॅकोचा, इ. स. पूर्व ६२१ च्या सुमाराचा. ड्रॅकोचे नाव कठोरपणासाठी कुप्रसिद्ध आहे; पण त्याचा खुनाचा कायदा सोलोननेही रद्द केला नाही. इ. स. पूर्व ४०९-०८ मध्ये तो पुन्हा शिळेवर कोरण्यात आला, आणि ती झिजलेली शिळा अथेन्समध्ये आहे. हेतुपुरस्सर मारणे निराळे आणि नकळत हातून मृत्यू होणे निराळे, हा भेद या कायद्यात आहे. फिर्याद करायची ती मृताच्या नातलगांनीच. आणि नकळत मारणाऱ्याला क्षमा करायची तर बाप, भाऊ आणि मुलगे या सर्वांचे एकमत हवे. एकाने नाही म्हटले तर त्याचेच खरे. म्हणजे सुडाचा हक्क कायद्याने नातलगांकडून काढून घेतला नाही. त्या हक्काला न्यायसभेच्या वाटेने चालायला लावले, एवढेच.

हेतुपुरस्सर खुनाचा निवाडा होई अ‍ॅरिओपॅगसवर, म्हणजे अक्रोपोलिसजवळच्या खडकाळ टेकडीवर. या जागेची कथाही देवांच्या घरातलीच. पोसायडनच्या हॅलिरोथिअस नावाच्या मुलाने एरीझच्या मुलीवर हात टाकला. एरीझने त्याला ठार केले. पोसायडनने फिर्याद केली. आणि देवांनी या टेकडीवर बसून एरीझला निर्दोष ठरवले. खुनाचा पहिला खटला तो हाच, असे अथेन्सचे लोक सांगत. आरोपी देव, फिर्यादी देव, पंचही देव. पॉसेनिअसने त्या टेकडीवर दोन अनघड दगड पाहिले. त्यांवर आरोपी आणि फिर्यादी उभे राहत. आरोपीच्या दगडाचे नाव होते उन्मत्तपणा आणि फिर्यादीच्या दगडाचे निर्दयता. फिर्यादीलाही असा दगड देणाऱ्यांना माणसाच्या मनाची पारख असली पाहिजे.

या टेकडीवरच्या सभेत निवृत्त अधिकारी तहहयात बसत आणि खटल्यांखेरीज राज्यकारभारावरही त्यांचा मोठा दाब असे. इ. स. पूर्व ४६२-६१ मध्ये एफिआल्टीस याने लोकपक्षाच्या वतीने त्यांचे बहुतेक अधिकार काढून घेतले. मुख्यतः खुनाचे खटले तेवढे उरले. लवकरच एफिआल्टीसचा खून झाला. नगर दोन तटांत फाटले होते. अशा वेळी, इ. स. पूर्व ४५८ मध्ये, एस्किलसने आपली ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी रंगभूमीवर आणली आणि पहिले पारितोषिक मिळवले. प्रेक्षक बसले होते अक्रोपोलिसच्या उतारावर. ज्या टेकडीवरून सारा वाद पेटला, ती हाकेच्या अंतरावर होती.

त्रयीची कथा थोडक्यात अशी. अट्रिअसने भाऊ थायेस्टिस याला त्याच्याच मुलांचे मांस जेवू घातले. अट्रिअसचा मुलगा अ‍ॅगमेम्नॉन याने ट्रॉयकडे जाणाऱ्या गलबतांना वारा मिळावा म्हणून मुलगी इफिजिनिया बळी दिली. तो परत आला तेव्हा बायको क्लायटेम्नेस्ट्रा हिने त्याला ठार केले. साथीला थायेस्टिसचा उरलेला मुलगा एजिस्थस होता. मग मुलगा ओरेस्टिस याने अपोलोच्या आज्ञेने आईला मारले. क्रोनॉसच्या घरातले सारे दोष या घरात उतरले आहेत. प्रत्येक मारणारा आपल्यापुरता न्यायच करीत होता, आणि प्रत्येक न्यायातून पुढचा खून निघत होता.

आईचे रक्त सांडणाऱ्याच्या पाठीशी एरिनीज लागल्या. अथेन्सला येऊन ओरेस्टिसने अथीनेच्या मूर्तीला मिठी मारली. आता एका बाजूला जुन्या देवता, दुसऱ्या बाजूला अपोलो, आणि मध्ये अथीना. ती देवी असून एकटीने निकाल देत नाही. हा खटला एकाच माणसाला पेलणारा नाही आणि मीही तो एकटीने करणे योग्य नाही, असे म्हणून ती अथेन्सच्या नागरिकांतून न्यायसभा बसवते. देवांचे भांडण माणसांच्या दारी आले!

या खटल्यात देवांच्या घरातली जुनी पापेही पुराव्यात येतात. अपोलो म्हणतो, बापाच्या खुनाला झ्यूस अधिक महत्त्व देतो. एरिनीज चटकन विचारतात, झ्यूसने स्वतःच्या बापाला बेड्या घातल्या त्याचे काय? अपोलोचे उत्तर असे, की बेड्या सोडता येतात. मातीत मुरलेले रक्त परत आणता येत नाही. हे नुसते वकिली उत्तर नव्हते. कवी पिंडार याने याच काळात झ्यूसने टायटनांना सोडून दिल्याचा उल्लेख केला आहे, आणि धन्य जनांच्या बेटावर क्रोनॉसचा वाडा असल्याचेही गायिले आहे. बापाच्या बेड्या काढणारा झ्यूस ग्रीकांना हळूहळू हवासा वाटू लागला होता.

मते मोजली, ती समसमान पडली. अथीनेचे मत ओरेस्टिसच्या बाजूचे, म्हणून तो सुटला. परंतु ज्या युक्तिवादावर तो सुटला, त्याकडे डोळेझाक करता येत नाही. अपोलो म्हणतो, जन्म देतो तो बाप. आई म्हणजे केवळ बीज सांभाळणारी. पुरावा म्हणून तो अथीनेकडेच बोट दाखवतो. आणि अथीनाही म्हणते की मला जन्म देणारी आई नाही, म्हणून मी बापाच्या बाजूची. येथे हेसिअडच्या वाचकाला मेटिस आठवते. अथीनेला आई होती. बापाने तिला गिळले होते, म्हणून ती साक्षीला आली नाही. एस्किलस तिचे नाव काढीत नाही. जगाच्या वाङ्मयातला हा एवढा मोठा निवाडा, पण त्यात एक साक्षीदार न्यायाधीशाच्याच बापाच्या पोटात अडकून पडली आहे. अथेन्सच्या खऱ्या न्यायसभांतही पंचाच्या आसनावर स्त्री कधी बसली नाही; तिच्या वतीने बोलायला बाप, भाऊ वा नवरा लागे.

तरीही एस्किलसचे मोठेपण निकालानंतर दिसते. दुसरा नाटककार ओरेस्टिस सुटताच पडदा पाडता. येथे आरोपी आभार मानून निघून जातो आणि बऱ्याच वेळाचे नाटक शिल्लक राहते. कारण हरलेल्या एरिनीज संतापून नगराला शाप देत उभ्या असतात. अथीना त्यांची मनधरणी करते. झ्यूसचे वज्र ज्या कोठारात आहे त्याची किल्ली मला ठाऊक आहे, असे ती एकदाच बोलून जाते, आणि लगेच म्हणते की त्याची गरज नाही. ती त्यांना पुनःपुन्हा सांगते: तुम्ही हरला नाहीत, मते सारखी पडली, येथेच राहा, या टेकडीखाली तुमचे घर, लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वेळी पहिला मान तुमचा. शेवटी त्या निवळतात आणि या नगरात यादवी माजू नये, असे दान देतात. झ्यूसने युद्धाआधी जो करार केला होता, तोच त्याची मुलगी खटल्यानंतर करते: जुन्यांचा मान काढून घ्यायचा नाही. एफिआल्टीसच्या खुनानंतर तीन वर्षांनी, दोन तटांत बसलेल्या प्रेक्षकांना हे कोणी समजावून सांगायला नको होते.

त्याचा उपयोग झाला का? नाटकाने यादवी थांबत नाही. इ. स. पूर्व ४०४ मध्ये स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जुलमी सत्तेवर बसले आणि त्यांनी, एका प्राचीन ग्रंथाप्रमाणे, पंधराशेहून कमी नव्हेत इतक्या लोकांना ठार केले. परंतु पुढच्याच वर्षी लोकपक्ष जिंकून परत आला, तेव्हा सर्वांनी शपथ घेतली, की झालेल्या अपकारांची आठवण काढून कोणावर उलटायचे नाही. मुख्य अपराधी तेवढे वगळले. ज्यांच्या घरातले मारले गेले होते, त्यांनी ही शपथ घेतली. देवांना ज्या गोष्टीस तीन पिढ्या लागल्या, ती माणसांनी एका वर्षात करून दाखवली.

आणि याच्या पुढचीही गोष्ट सांगितली पाहिजे. इ. स. पूर्व ३९९ मध्ये याच नगराने सॉक्रेटिसला विष दिले. त्या खटल्याच्या तयारीला जाताना त्याला कचेरीच्या दारात युथिफ्रो भेटला, अशी प्लेटोच्या एका संवादाची सुरुवात आहे. युथिफ्रो आपल्याच बापावर मनुष्यवधाची फिर्याद घेऊन आला होता. नॅक्सॉसच्या शेतावर त्यांच्या एका मजुराने दारूच्या भरात घरच्या गुलामाचा गळा कापला. बापाने मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकले आणि काय करावे हे विचारायला अथेन्सला माणूस धाडला. माणूस परत येईपर्यंत मजूर भुकेने आणि थंडीने मेला. एका मजुरासाठी बापाला कोर्टात खेचणारा मुलगा म्हणून नातलग युथिफ्रोवर खवळले. तो उत्तर देतो: झ्यूसने आपल्या बापाला अन्यायाबद्दल बांधलेच की नाही? सॉक्रेटिस म्हणतो, अशा कथा मला पटत नाहीत, कदाचित म्हणूनच माझ्यावर खटला आहे. पुढे ‘रिपब्लिक’मध्ये प्लेटोने युरेनस-क्रोनॉसच्या गोष्टी मुलांना सांगूच नयेत असे लिहिले.

मुलांना रोज शिकवणाऱ्या मला प्लेटोचे हे भय समजते. देवांच्या गृहकलहाच्या गोष्टीतून बेडीचे समर्थनही निघते आणि बेडी सोडण्याचेही. पण त्या संवादात मला अधिक बोचते ते दुसरेच. युथिफ्रो आणि सॉक्रेटिस पवित्र कशाला म्हणावे याची चर्चा करीत राहतात, आणि खड्ड्यात मेलेल्या मजुराचे व गळा कापलेल्या गुलामाचे नावसुद्धा आपल्याला कळत नाही. वाटणीत बहिणी नव्हत्या, खटल्यात मेटिस नव्हती, आणि येथे हे दोघे नाहीत. न्यायाची परीक्षा कोण जिंकले यावर होत नाही. कोणाला उभे राहायला दगडसुद्धा मिळाला नाही, यावर होते. ग्रीकांच्या कथा प्रामाणिक अशा, की न मिळालेल्यांची नावे नाही तरी जागा त्या मोकळ्या दाखवतात.

अ‍ॅरिओपॅगसच्या टेकडीखाली एक कपार आहे. पॉसेनिअसच्या दिवसांत तेथे त्या पूज्य देवतांचे, म्हणजे एरिनीजचे, ठाणे होते. त्यांच्या मूर्तीत भयंकर असे काहीच नव्हते, असे तो मुद्दाम लिहितो. वरच्या न्यायसभेत जो निर्दोष सुटे, तो घरी जाण्यापूर्वी खाली उतरून तेथे बळी अर्पण करी. आपल्याविरुद्ध ज्या उभ्या होत्या, त्यांचा मान करूनच त्याची सुटका पुरी होत असे.